पुलाचा पिक्चर

दर डिसेंबरात, दुसऱ्या शनिवारी,
देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या आतल्या गल्लीत,
सॅनिटोरियमच्या जुन्या हॉलमध्ये
मी तोच सिनेमा लावतो.
कृष्णधवल. लढाईतला. परक्या मुलखातला.
नाव निम्म्यांना उच्चारता येत नाही,
म्हणून सगळे म्हणतात, "पुलाचा पिक्चर."

बत्तीस वर्षं मी नोटांच्या प्रेसमध्ये चुका पकडल्या.
सरकलेला आकडा, फिकी रेघ, शाईचा मोहरीएवढा ठिपका:
बोट ठेवायचं, कागद बाजूला.
त्या डोळ्यांनी सांगतो, हा सिनेमा पास झाला नसता.
स्टेशनातलं घड्याळ चार दहाचं पावणेचार होतं.
ती मुसळधार पावसातून पुलावर येते
आणि जवळून दाखवली की
कोट कोरडा, इस्त्रीचा.
तोफा तर सरळ पत्र्याच्या.
ज्यांच्या खिडक्या रेंजवरच्या खऱ्या तोफांनी
आठवड्यातून तीनदा थरथरतात
त्यांना तरी फसवू नये कुणी.

तरी येतात.
मफलर, कानटोप्या, थर्मासातला चहा.
बाळू जाचक थेट द्राक्षबागेतून,
बुटांवर मोरचुदाचे निळे शिंतोडे.
खोर्शेदबाई, पंच्याऐंशीच्या, दिसत नाही आता;
"मी आवाज बघते," म्हणतात.
मागच्या रांगेत कॉलेजची दोघं,
सिनेमासाठी न आलेली,
मध्यंतरानंतर हात सोडून
समोर बघू लागलेली.

गोष्ट? साधी.
तो सुरुंग लावणारा.
ती पलीकडच्या काठावर, जखमींच्या छावणीत.
पहाटे पूल उडवायचा हुकूम.
त्याआधी तिनं निघून यायचं, असं ठरलेलं.
ती येते, अर्ध्यापर्यंत.
मागे कुणीतरी कण्हतं.
ती वळून बघते. मग त्याच्याकडे बघते.
एवढंच. संवाद नाही.
ती परत जाते, आणि तो घड्याळाकडे बघतो.

मला वाटायचं, माणसं रडायला येतात,
स्वस्तात, अंधारात, परक्याच्या नावावर.

मग तीन वर्षांपूर्वी वीज गेली.
नेमकी तिथेच. ती मधोमध, मान अर्धी वळलेली.
जनरेटरमध्ये डिझेल नाही;
पोरगा कॅन घेऊन सायकलवर गेला.
कुणी उठलं नाही.
लांब रेंजवर रात्रीचा सराव चालू होता,
गडगडाट यायचा, खुर्च्यांखालून निघून जायचा.
तेव्हा तिसऱ्या रांगेतून इंदुमती गायधनी बोलल्या.
सुभेदारांच्या मागे एकट्या, पळशाहून शेवटची बस सांभाळून येणाऱ्या,
इतक्या वर्षांत कधी एक शब्द न बोललेल्या.
"घाई नका करू डिझेलची.
ती अजून पुलावर आहे."

कुणी हसलं नाही.
बाळूकाका म्हणाले, "या खेपेला येईल बघा."
खोर्शेदबाई म्हणाल्या, "येनार नाय, डिकरा. पन थांब."
आणि मागच्या पोरांपैकी एकानं हळूच विचारलं,
"पण तो का नाही जात तिच्याकडे?"

याचं उत्तर हॉलमध्ये कुणाकडे नव्हतं.
किंवा प्रत्येकाकडे होतं,
आणि शेजारच्याला सांगण्यासारखं नव्हतं.

मीही बसलो, प्रोजेक्टरच्या गरम पत्र्यावर हात ठेवून.
नाशिक रोडचा तीन नंबरचा फलाट आठवला,
एक निळी शबनम,
आणि माझं "पोचलीस की लिहितो."
त्यात नेमकी चूक कुठं, मी अजून शोधतोय.
तो कागद बाजूला काढता येत नाही.

वीज आली. दिवा पेटला.
फिल्म तिथूनच पुढे न्यायची, हा नियम.
मी ती दोन मिनिटं मागे घेतली.
ती पुन्हा काठावरून निघाली,
फळ्या करकरल्या,
आणि साठ-सत्तर माणसं, शेवट तोंडपाठ असलेली,
खुर्चीत जराशी पुढे सरकली.

कोट कोरडाच असणार.
माझं लक्ष नव्हतं.