फक्की

सव्वीस वर्षं झाली, चोपड्याच्या कॉलेजात
मैदानावर फक्की मीच ओढतो.
दोन खांब, मध्यपाटी, आठ आडव्या पाट्या.
खो-खोचं मैदान मला सुतळी न लावता आखता येतं.
खेळलो मात्र कधीच नाही.
कायदा तेवढा ऐकून ऐकून पाठ झाला:
हात लागला पाहिजे अन् शब्द निघाला पाहिजे,
दोन्ही एकाच वेळी.
नुसता हात, फाउल.
नुसता शब्द, फाउल.
आणि एकदा निघालं की मागे वळायचं नाही
खांब येईपर्यंत.

रायली बारेला, बी.ए. दुसरं वर्ष.
सातपुड्यातल्या पाड्यावरनं आलेली.
सूर मारायची तेव्हा गुडघ्याची साल निघायची,
मग माझ्या डब्याकडे बघून हसायची,
"दादा, चिमूटभर फक्की लावा ना जखमेला."

भुसावळला फायनल. शेवटचं दीड मिनिट,
एक गडी बाद व्हायचा होता.
रायली पोहोचली, "खो" ओरडली,
बोटं पाठीपासून वीतभर लांब.
शिट्टी.
त्या वीतभर हवेतून समोरची पोरगी निसटली
आणि कप गेला.

गाडीनं तापीचा पूल ओलांडायच्या आत
तेवढा तुकडा सगळ्यांच्या फोनवर पोचला होता.
अकरा सेकंद.
खाली कोणी लिहिलं, या पोरनी बुडाडं आमले.
कोणी लिहिलं, किती घेतले?
कोणी लिहिलं, डोंगरातल्यांना घेताच कशाला टीममध्ये.
हा तिसरा मला ठाऊक आहे.
केळीच्या गाड्या भरतो, हिशेबाला चोख.
मागच्या साली हिच्याच मिरवणुकीत
घाम फुटेस्तोवर ढोल बडवला होता त्यानं.

ती खिडकीशी. मान खाली, गालावर निळा उजेड.
अंगठा वर, पुन्हा वर, पुन्हा वर.
खांब काही येत नव्हता.

आता माझं सांगतो.
मी मागच्या सीटवर, पायात किटची पोती.
मेहुण्यानं तोच तुकडा मला धाडला
आणि मी तो आमच्या गल्लीच्या ग्रुपवर ढकलला.
शब्द एकही लिहिला नाही.
फक्त एक हसणारं तोंड.
ती माझ्यापुढे चार सीटवर होती.

आठ दिवस मैदानावर आली नाही.
मेसमध्ये भरीत होतं त्या रात्रीही
खाली उतरली नाही, असं पोरी सांगत होत्या.
बापाच्या पाड्यावर रेंज नाही, तेवढं बरं, म्हणाली म्हणे.
पण रविवारी बाप बाजाराला उतरला
आणि चहाच्या टपरीवर कोणीतरी
त्याला बोलावून, बाकावर बसवून
दाखवलंच.

नवव्या दिवशी, दव होतं अजून,
ती एकटीच येऊन बसली.
तिसऱ्या चौकात, एक गुडघा वर,
हात जमिनीला टेकवून, जसं बसतात तसं.
ना पळणारं कोणी, ना खो द्यायला कोणी.
पाठ माझ्याकडे.

मी डबा घेऊन मागे उभा.
बोलायला तोंडाशी एक वाक्य आलं होतं.
पण ही पाठ,
आणि माझा हात तर
त्या रात्रीच दुसरीकडे लागून गेला होता.
गप्प राहिलो. ओढत राहिलो पांढरी रेघ.

तिनं न वळताच म्हटलं,
"सुपडूदादा, रेघ वाकडी गेली."

बघितलं. गेली होती.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.
"पुसतो," म्हणालो, चपलेनं घासली.
फक्की अशी जात नाही, माती पांढुरकी होऊन बसते.
शेजारून नवी ओढली, सरळ.

अजून दोन्ही दिसतात
तिसऱ्या चौकापाशी, नीट पाहिलं तर.