बीटीचे उंदीर

बाहेर देवपुरात चव्वेचाळीस,
पांझरेच्या पात्रात वाळूही डोळे मिटून पडलेली.
आत बावीस. कायम बावीस.
लाइट गेली की जनरेटर आधी ह्यांच्यासाठी लागतो,
मग आमच्यासाठी.

पांढरे, तांबड्या डोळ्यांचे,
कान टोचून नंबर दिलेले.
ही एकशे सतरा.
हिच्यात विषाणू नाही.
माणसाचा तो विषाणू उंदराला लागतच नाही,
म्हणून त्याच्या पोथीतली दोनच पानं,
ई-सहा आणि ई-सात,
हिच्या कुठल्याशा पणजीच्या बीजात कुणी शिवून टाकली.
तेव्हापासून ह्यांच्या घराण्यात
पेशीचा राखणदार झोपलेला असतो.

सुपडामावशीला हे सांगायला मला वर्ष लागलं.
आधीची तीन गेली म्हणून हिला
सुपात घालून उंबऱ्यावरून ओढलं होतं,
जगावी म्हणून. जगली.
आता कापडण्याहून एसटीनं येते, पंचवीस शेक घ्यायला.
मी म्हटलं, दुसऱ्याचा गुण बियाण्यात घालतात ना, तसं.
चाळीस वर्षं कापूस वेचलेली बाई,
तिला एवढं पुरलं.
"अवं, म्हंजे बीटीना उंदीर!"
पोट धरून हसली,
आणि हात मग तिथंच राहिला.

"बीटीमा अळी मरस.
यामा कोन मरस वं?"

मी म्हटलं, चहा घे.

शुक्रवारी एकशे सतराचे सहा महिने भरले.
सहा महिने तिच्या कातडीखाली
बाईपणाची एक बारीक गोळी ठेवली होती.
गर्भाशयाच्या तोंडाशी निघाली
ज्वारीच्या कणीएवढी गाठ.
मेणात बसवली, काप काढला, काचेवर घेतला.
मावशीची काच दवाखान्यातून मागून आणलेली.
दोन्ही शेजारी ठेवल्या.
खोटं कशाला बोलू, ओळखू येतात:
उंदराचं ऊतक वेगळं, बाईचं वेगळं.
पण गर्दी तीच.
बाजाराच्या दिवशी फाटकाशी होते तशी,
मागचा पुढच्याला रेटतोय,
आणि कुणाचंच कुणी ऐकत नाही.

जाताना मावशीनं पदराची गाठ सोडली.
मूठभर दादर.
"त्यास्ले टाक. दुखस ना त्यास्ले?"

आत नेता येत नाही.
आत सगळं निर्जंतुक, मोजलेलं, पाकीटबंद.
पुडी बांधून ड्रॉवरमध्ये ठेवली.

सोमवारी पाहिलं तर कागद कुरतडलेला,
चार दाणे उरलेले, दोन लेंड्या.
बाहेरचाच कुणीतरी.
नंबर नसलेला.