वजनाला

मागच्या कमानीला दोन पाटे वाढवून घेतले
रताळ्याच्या हंगामाआधी,
खानापुरात, जांबोटी क्रॉसवर, बाळेश कम्मारकडे.
यू-बोल्ट लांब लागले, सेंटर बोल्ट नवा,
घणाचा आवाज पार कवलाच्या भट्टीपर्यंत.
जॅकवरून उतरली तेव्हा पिकअप
मागून उंच उभी,
गाय उठताना आधी मागचे पाय उचलते तशी.
मी खूश. बाळेश नाही.
"भाळ बिरस आतु, ओमाणी," म्हणाला,
मग मराठीत, माझ्याशी नाही, कमानीशी बोलल्यासारखा,
"कडक झाली. भरल्यावर बरी.
खरं रिकामी मारंल."

आणि मारलंच तिने.
रताळी भरून बेळगावच्या यार्डात जाताना
कशी घरंदाज बसायची.
येताना रिकामी, तर एकेक खड्डा
मणक्यात मोजून द्यायची.
आरसा गळाला. डब्यातली आमटी टोपणाला.
बायको म्हणाली, मी आपली बसनं जाते.

बाकी तिचं मी सगळं करतो.
रविवारी एअर फिल्टर काढून झटकतो,
तांबडी धूळ ओंजळभर निघते,
चूल सारवून होईल एवढी.
इंजेक्टर उद्यमबागेत दाखवून आणले, काळा धूर गेला.
ऑईल पाच हजाराला नाही, चारलाच.
मागचे टायर रिमोल्डचे आहेत,
ते मात्र कुणाला सांगत नाही.

माघातल्या एका रात्री जानू लांबोर
चापोलीच्या वरच्या धनगरवाड्यावरून चालत आला.
दारात उभा, हातातली बॅटरी माझ्या तोंडावर.
"सून अडलीया.
एकशेआठ लोंढ्याला गेलीया."

वर चढताना गाडी सगळी वाट
एकच बोलत होती: रिकामी मारंल, रिकामी मारंल.
जानू दांडीला धरून गप्प.
त्याचं डोकं तीनदा टपाला लागलं.

वाड्यावर पोचून मी आधी काय मागावं, तर पोती.
"पोती?" म्हातारीने विचारलं.
"वजन पाहिजे. कसलंबी."
तीन पोती भात निघालं. तेवढंच होतं.
मग लेंडीखत.
झोपेतून उठून माणसं पाठीवर घेऊन आली,
का म्हणून कुणी विचारलं नाही.
एकाने जात्याची खालची तळी आणून टाकली.
मी मागे बसून बघत होतो,
पाटा पाट्यावर टेकला, कमान कुरकुरत खाली आली.
एकोणीस पोती.
मग वॉल्व्ह दाबून हवा सोडली,
मोबाईलच्या उजेडात काटा बघत,
पासष्टवरून पन्नासवर.
भातावर घोंगडी, घोंगडीवर भागी,
उशाला सासू.

दुसरा गिअर सोडला नाही.
गाभण म्हशीसारखी चालली गाडी,
पाय बघून टाकत.
दुखलं की केबिनवर थाप मारायची, असं ठरलं होतं.
थाप आली नाही.
ओढ्यात नाही, फॉरेस्टच्या गेटाला नाही,
तेव्हा मला जास्तच भीती वाटायला लागली.
मलप्रभेच्या पुलावर थांबून मागे बघितलं तर
म्हातारी झोपली होती.
भागी जागी. म्हणाली,
"चला की. का थांबलासा?"

उजाडता उजाडता नर्स बाहेर आली.
मुलगी की मुलगा ते नंतर,
आधी वजनच सांगितलं तिने:
दोन किलो आठशे.

बाळेशने टायरवर तळहात ठेवला.
"पन्नास हवेवर एवढं वजन? रिमोल्ड सुटलं असतं की रे,
मग काय करणार होतास?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
वासाने नाक मुरडत तो खाली सरकला
आणि एक पाटा काढला. एकच.
"दुसरा?"
"असूदे. रताळी काय कापूस हाय?"

भात परत पोचवलं, जात्याची तळीही.
खत जानू घेईना.
चौदा पोती रताळ्याच्या सऱ्यांत गेली.
दोन अजून मागे आहेत, चाकांच्या बरोबर वर.
चेकपोस्टवरचा पोलीस काठीने टोचून विचारतो,
ह्यात काय आहे?
काही नाही साहेब, म्हणतो मी.
वजनाला.