शिसारी

ॲभॉर.
नलवडे सरांनी फळ्यावर तिरकं लिहिलं.
राजारामपुरी, सातवी गल्ली, क्लासचा पत्रा तापलेला.
म्हणाले, मूळ लॅटिन आहे.
अब म्हणजे दूर.
होरेरे म्हणजे केस ताठ होणं, काटा येणं.
केस उभे राहतात आणि माणूस मागं सरकतो,
एवढंच आहे त्या शब्दात. एक पाऊल.

मी वहीत लिहिलं, तिटकारा.
खोडलं. किळस. तेही खोडलं.
मग शिसारी, आणि पेन तिथंच थांबलं,

कारण ते पाऊल मी बघितलं होतं.
मंगळवार पेठेत, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून,
बापूबरोबर कापशी पोचवायला गेले तेव्हा.
बाईंनी जोड घेतला, पेपरात गुंडाळलेला,
पैसे ठेवले कठड्यावर.
"तिथनं घे," म्हणाल्या. आवाज गोड.
कठड्यावरच्या नोटेला बापूचं बोट लागलं
आणि बाईंच्या दंडावरची लव उभी राहिली,
उन्हात सोनेरी दिसली मला.
मग त्या मागं सरकल्या.
लॅटिन येत नसणार त्यांना.

खाली आल्यावर बापूनं मोजलं.
"धा कमी हाईत."
परत जिना चढला नाही.

आमच्या सुभाषनगरात कातडं येतं ते केस गेलेलं.
चुन्याच्या हौदात सुटतात सगळे,
मग बाभळीची साल, हिरडा, दिवसच्या दिवस.
त्यावर पुन्हा काही उभं राहत नाही,
ना भीती, ना कुणाची शिसारी.
ते नुसतं करकरत देवळापर्यंत जातं
आणि बाहेर थांबतं.

सर अजून बोलत होते.
खडूचे हात झटकत, जाता जाता :
संस्कृतात हाच धातू आहे बरं का, हृष्.
हर्ष त्यातला. रोमहर्ष.
पोरं घड्याळ बघत होती.

रात्री बापूनं नवं कातडं उलगडलं,
डोळे मिटून हात फिरवला पाठीकडनं पोटाकडं.
"लोण्यागत हाय, बघ."
ट्यूबच्या उजेडात त्याच्या मनगटावर
एकेक केस उभा.

मी विचारलं, त्या दहा रुपयांचं काय?
"सोड," म्हणाला, आणि आरी शोधू लागला.
बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता :
"डावा पाय अर्धं बोट मोठा हाय बाईंचा.
त्यांस्नी पण ठावं न्हाई."