खाडाखोड

सकाळी दहाला लॉकरमध्ये कोट, पेन, अर्धं सफरचंद.
आत फक्त पेन्सिल चालते, आणि पारदर्शक पिशवीतून
पहारेकऱ्याला दिसेल इतकीच मी.

बाहेर युस्टन रोडवर दात वाजताहेत.
वाचनकक्षात कागदाला मानवेल एवढीच ऊब,
माणसांनी आपली शाल आणावी.

फोमच्या उशीवर खंड उघडते.
पानांवर शिशाच्या मण्यांची माळ.
जप नाही, पान मिटू नये म्हणून.

एरंडोलचं एक साप्ताहिक. अंक उरलेला नाही.
वाळवी, पूर, की जप्तीनंतर कचेरीतला बंब, नोंद नाही.
उरलंय ते त्याचं इंग्रजी,
दाजी त्र्यंबक टिपणीस, सरकारी भाषांतरकार,
दरमहा रुपये चाळीस, यांच्या हातचा कच्चा मसुदा.
संपादकाला अठरा महिने सक्तमजुरी झाली
ती या इंग्रजीपायी.

सहा वर्षं मी उलटं काम करते आहे:
टीप उसवायची, अस्तराखालची मराठी चाचपायची.

आज सातव्या ओळीत
'कंट्री' खोडलेलं.
वर 'पीपल'. तेही खोडलेलं.
त्याच्यावर, दाट शाईत, 'नेशन'.

टिपणिसांचं अक्षर उभं, मोडी मोडून बसवलेलं.
हे तिसरं तिरकं, लफ्फेदार, घाईचं.
हे साहेबाचं.

मग त्या माणसाने लिहिलं होतं काय?
मुलूख? रयत? आपले लोक?
की नुसतंच 'आपण',
आणि टिपणीस रात्रभर दिव्याखाली
त्या एका शब्दाला इंग्रजीत जागा शोधत राहिले?

माझ्या प्रबंधाच्या शीर्षकात 'राष्ट्र' आहे.
चौथं प्रकरण पुरतं या ओळीवर उभं आहे,
आणि ओळ तर साहेबाची.

दुपारी कँटीनमध्ये डर्व्हलाला सांगितलं.
ती गॉल्वेची, पोलिसांनी भाषांतरलेली आयरिश भाषणं वाचते.
हसली नाही. सूप ढवळत म्हणाली,
आमच्याकडे लोक आणि मुलूख
दोन्हीला एकच जुना शब्द होता.
कोर्टात त्याचे दोन झाले,
आणि माझ्या पणज्याच्या भावाला
त्यातला महागडा लागला.

चारलाच अंधार.
एक तळटीप लिहिली, खोडली, परत लिहिली:
'मूळ शब्द अनुपलब्ध.'
चाळीस रुपयांत मीसुद्धा याहून जास्त केलं नसतं.

दाराशी पिशवी तपासली गेली.
पेन्सिल, शाल, कोरे-भरले कागद. जाऊ दिलं.
डर्व्हला मफलर गुंडाळत थांबली होती,
म्हणाली, निघायचं ना.
तिच्या वाक्यात 'वी' होतं.
मी 'आपण' ऐकलं.

पुरावा नाही.