वाऱ्याचा हिशेब

आयलर्ट वुबेना आला तेव्हा ओहोटी होती.
त्याची होडी गाळात रुतून बसली
आणि आम्ही पोरांनी गुडघाभर चिखलातून
त्याच्या पेट्या बांधावर आणल्या.
एकीत रंधे, एकीत मेंढीची कातडी,
एक इतकी हलकी की मला रिकामी वाटली.
"जपून," तो म्हणाला, "तीत मापं आहेत."
काठ्या होत्या. नुसत्या खाचा पाडलेल्या काठ्या.

मंडळाने करार वाचून दाखवला:
इतके थालर, इतकं लोणी,
दोन हिवाळे पुरेल इतकं जळाऊ पीट,
आणि कथील कमी पडलं तर ते गावानं द्यावं.
कमी पडलंच.

मग घरोघरी ताटं निघाली, वाडगे निघाले.
माझ्या आईनं व्हियार्डचा चमचा दिला,
त्यावर त्याच्या पहिल्या दोन दातांच्या खुणा होत्या.
तिसरा दात यायच्या आत तो गेला होता.

वितळलेल्या धातूवर साय धरते.
ती त्यानं पळीनं बाजूला सारली,
आणि वाळूवर ताणलेल्या कापडावर
रस ओतत मागे न बघता चालत गेला.
पत्रा क्षणभर आरशासारखा होता,
मग त्यावर धुकं आलं.
"चमचा कुठल्या नळीत गेला?" मी विचारलं.
"मीठ कुठल्या घासात गेलं ते सांगतोस का?"

रात्री तो बायकोला पत्र लिहायचा,
कागद महाग, म्हणून पत्र्याच्या कडेवर, खिळ्यानं,
आणि सकाळी ती कड कापून पुन्हा भट्टीत टाकायचा.

प्रत्येक नळीला ओठ असतो.
तो सुरीनं केसभर कापायचा, फुंकून बघायचा,
थुंकायचा, पुन्हा केसभर.
एक केस जास्त झाला की नळी जन्मभर खोकते.
आणि लांडग्याबद्दल त्यानंच सांगितलं:
सूर कसेही लावा, कुठेतरी दोन सुरांच्या मध्ये
एक लांडगा उरतोच.
त्याला मारता येत नाही,
फारसं कुणी फिरकत नाही अशा रानात
नेऊन सोडायचा, एवढंच.

दर्शनी रांगेतल्या सात नळ्या मुक्या आहेत.
सोन्याचा वर्ख सगळ्यात जास्त त्यांनाच.

माझं वजन हातानं तोलून
त्यानं मला भात्यांवर उभं केलं.
"उतरताना घाई नको. वारा ढकलायचा नसतो,
त्याला खाली बसू द्यायचं."
तेव्हापासून दर रविवारी
मी भिंतीमागे चढतो आणि उतरतो.
कुठली नळी किती वारा पिते ते तळव्यांना कळतं:
मोठी, तहानलेल्या गाईसारखी,
बारकी, चिमणीसारखी, चोच बुडवून पुन्हा वर.
लग्नं, मयतं, समुद्र आत आला ते वर्ष,
सगळं मी पायांनी ऐकलं.

एकतिसाव्या वर्षी तो दुरुस्तीला परत आला.
दोन्ही कान गेलेले.
दातांत काठी धरायचा, तीच, खाचांची,
आणि दुसरं टोक पेटीला टेकवायचा.
"हाडाला आवाज कळतो," म्हणाला,
"पण दोन सुरांमधली थरथर आता निसटते.
फोको, तू खाली जा. मधल्या बाकांशी उभा राहा.
सूर थरथरत असेल तर टोपी काढ,
स्थिर झाला की घाल."
भात्यांवर माझा मुलगा चढला.
शाळामास्तरांनी पट्टी दाबून धरली.

इतकी वर्षं मी त्या आवाजाच्या पाठीशी होतो.
मला ऐकू यायची फळ्यांची करकर,
कातड्याची धाप, उंदीर.
तो समोरून असा येतो,
कुणाची परवानगी न विचारता
बरगड्यांमध्ये जागा करून बसतो,
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.
एकच सूर होता. साधा, मधला.
थरथरला असेल, थांबला असेल,
माझं लक्ष नव्हतं.

नळ्यांच्या फटीतून म्हाताऱ्याचा एक डोळा
माझ्याकडे बघत होता,
आणि त्याची हातोडी ठोकत होती,
पुन्हा, पुन्हा, अजून थोडी.
टोपी तर मी दारातच काढली होती.