कमी तिखट

शुक्रवारी दिग्रसचा मामा आला
आणि दोन्ही पोट्टे त्याच्या गाडीवर बसून गेले.
गुंजन मागे, ओजस टाकीवर,
पिशवीत स्वेटर आणि एक लंगडा डायनासोर.
वळणावर एकानेही मागे पाहिलं नाही.

घर एकदम मोठं झालं.
फ्रिज इतका बोलतो हे मला माहीत नव्हतं.
भाताचं माप घेतलं, परत डब्यात ओतलं,
पुन्हा घेतलं.
हे दारात उभे, लाईनमनचे बूट हातात:
"करू नको न काही. उद्या जेवाले जाऊ बाहेर."
"कोन?"
"आपन. अजून कोन?"

शनिवारी मी स्वतःचं ब्लाऊज शिवायला घेतलं.
गावातल्या साऱ्या बायांची मापं माझ्या वहीत,
माझंच नव्हतं.
टेप धरायला यांना बोलावलं.
अकरा हजार व्होल्टजवळ हात न कापणारा माणूस,
दोनदा टेप पाडली त्याने.
आकडा वहीत लिहिला,
वाचून काही दाखवला नाही.

बायपासवरचं फॅमिली गार्डन.
प्लास्टिकच्या वेलीखाली चार खुर्च्या,
दोनवर आम्ही,
उरलेल्या दोनवर हेल्मेट आणि माझी पर्स.
पोऱ्या वही घेऊन आला.
"पातोडी रस्सा," मी म्हटलं, "कमी तिखट."
म्हटलं आणि थांबले.
नऊ वर्षं झाली.
लग्नात, तेरवीत, जिथे पंगतीला बसले
तिथे हेच म्हणत आले.
यांनी पोऱ्याला माघारी बोलावलं.
"नाही भाऊ. तुमच्याइथं होते तसाच येऊ दे."

आला. काळाभोर, वर बोटभर तर्री.
पहिल्याच घासाला कान तापले.
यांच्या कपाळावर घाम, डिसेंबरात.
मी हसायला लागले, ठसका लागला,
आणि ठसक्यात डोळ्यांतून जे आलं
ते सगळंच काही मिरचीचं नव्हतं,
पण नाव मिरचीचं झालं.
मालक गल्ल्यावरून ओरडला,
"वहिनीले पानी आन बे!"

रविवारी पुन्हा तिथेच.
पहिली रोटी तोडली आणि लाईट गेली.
अंधारात पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं,
"हे लाईनवाले फुकटचा पगार घेतेत."
हे गप्प. गालात हसत असणार, मला दिसत नव्हतं.
फोन थरथरला. पुन्हा थरथरला.
यांनी तो उलटा ठेवला,
कडेने निळा उजेड येत राहिला.
"जा," मी म्हटलं.
"आज ड्युटीवर दुसरा आहे."
"डीपी इथेच तर आहे मागे. जा, मी ताट झाकून ठेवतो म्हणत नाही, ठेवलंच."

मालकाने स्टीलच्या पेल्यात मेणबत्ती आणून दिली.
हॉटेलच्या टेबलावर आयुष्यात पहिल्यांदा एकटी.
कोणाला भरवायचं नाही,
कोणाची बाही पुसायची नाही.
लिंबू पिळून अख्खा कांदा खाल्ला.
टेबलाखाली चपला काढल्या.
खरं सांगू, वीस मिनिटं
कोणाचीच आठवण आली नाही.
यांचीही नाही.

मग वेलीतले सगळे लुकलुके दिवे एकदम लागले,
आणि हे आले, हात पॅन्टला पुसत,
कोपऱ्यातला तो माणूस ताटात पाहत राहिला.
मेणबत्ती मी विझवली नाही.
यांनीही विझव म्हटलं नाही.

घरी येऊन दिग्रसला फोन लावला.
"आत्ता नाही आई, हरभरा भाजून राहिलो,"
ओजस म्हणाला, आणि ठेवून दिला.
आम्ही दोघं बंद फोनकडे पाहत बसलो.

"तोंड भाजते का अजून?"
"हो," मी म्हटलं. "उद्यापासून पुन्हा कमी तिखट."
"उद्या नं," हे म्हणाले,
आणि बाहेरचा दिवा बंद करायला उठले.
"आज तं रविवारच आहे."